उडवलेला थवा, उडालेला थवा

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी उजाडला की ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत येत राहतात. आपल्या दैनिकातही येतात. त्यांतली बरीचशी एकाच साच्याची असतात : आभाळभर गुलाबी पंखांची दाटी आणि खाली ‘गुलाबी उधळण’ किंवा तशीच एखादी ओळ. छायाचित्रे देखणी असतात, यात वाद नाही. पण त्यांतली अनेक पक्ष्यांना हुसकावून घेतलेली असतात, आणि ते छायाचित्रावरूनच कळते. कसे कळते, आणि न हुसकावता त्याहून चांगले छायाचित्र कसे मिळते, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपणहून निघालेला थवा रांगेत असतो. रांग तिरकी असते, कधी बाणाच्या टोकासारखी दुभंगलेली. प्रत्येक पक्ष्याची मान पुढे आणि पाय मागे सरळ ताणलेले, सगळ्यांची दिशा एक. हुसकावलेला थवा असा दिसत नाही. त्यात पक्षी एकमेकांत गुंतलेले असतात, कोणाचे पाय अजून लोंबत असतात, कोणाची मान आखडलेली असते. खाली पाण्यावर शिंतोड्यांची माळ उठलेली असते, कारण फ्लेमिंगोला जागच्या जागी उडता येत नाही. पंख मारत काही पावले पाण्यावरून धावावे लागते, तेव्हा तो उचलला जातो. बहुतेकांच्या पाठी कॅमेऱ्याकडे असतात, कारण ज्याची भीती वाटली ते कॅमेऱ्याच्याच बाजूने आलेले असते. फ्लेमिंगोंबरोबर कुरव, शेकाटे आणि बारीक टिलवेही एकदम उठलेले असतील तर शंकेला फारशी जागा उरत नाही. एक अपवाद मात्र मान्य करायला हवा : भोवत्या किंवा एखादा ससाणा डोक्यावरून गेला तरी सगळी चिखलपट्टी अशीच उठते. पण ते रोज घडत नाही, आणि छापून येणाऱ्या इतक्या चित्रांमागे प्रत्येक वेळी शिकारी पक्षीच असेल, हे पटण्यासारखे नाही.

एकदा उडाल्याने पक्ष्यांचे काय बिघडते, असा प्रश्न येतो. तो रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देतो. आपल्याकडे जास्त संख्येने दिसतो तो लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो. उंची ८० ते ९० सेंटिमीटर, चोच गडद, लालसर काळी. त्याच्यात मिसळलेला मोठा रोहित १२० ते १४५ सेंटिमीटरपर्यंत उंच असतो. त्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असते. लहान रोहित पाण्याच्या वरच्या थरातली निळी-हिरवी शेवाळे आणि डायटम (सूक्ष्म एकपेशी शैवाल) खातो. हे अन्न डोळ्यांना दिसतही नाही. डोके उलटे करून चोच पाण्यात धरायची, जिभेने पिचकारीसारखे पाणी आत ओढायचे आणि चोचीच्या आतल्या दाट, बारीक गाळणीतून बाहेर ढकलायचे, हे तो तासन् तास करत असतो. मोठ्या रोहितची गाळणी जाड असते. तो पायांनी चिखल मळून बारीक कवचधारी जीव, अळ्या, शिंपले वर काढतो. ओहोटीनंतर चिखलावर गोल खळगे दिसतात, ते त्याच्या पायांचे. अशा सूक्ष्म अन्नावर पोट भरायचे तर वेळ लागतो, आणि वेळ खाडी ठरवते. चिखल उघडा पडतो तेवढेच तास हातात असतात. त्यातली पंधरा-वीस मिनिटे उडण्यात, घिरट्या घालण्यात आणि पुन्हा बिचकत उतरण्यात गेली की ती भरून निघत नाहीत. पाणी कोणासाठी थांबत नाही.

फ्लेमिंगोंपेक्षाही जास्त नुकसान होते ते छोट्या किनारपक्ष्यांचे, ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. मार्च-एप्रिलमध्ये चिखल्यांच्या छातीवर विटकरी पट्टा चढतो, कर्ल्यू सँडपायपर पोटापर्यंत लाल होतो, गॉडविटची मान तांबूस होते. छायाचित्राला हा काळ उत्तम. पण याच आठवड्यांत हे पक्षी हिमालयापलीकडे आणि त्याहून उत्तरेला जाण्यासाठी अंगात चरबी साठवत असतात. तेव्हा पुन्हा पुन्हा उडवलेला पक्षी कमी शिदोरी घेऊन निघतो.

आता मूळ मुद्दा. उडणारा थवा हवा असेल तर कोणी उठवण्याची गरजच नाही. तो आपणहून उडतो, आणि कधी उडेल हे आदल्या दिवशी घरबसल्या सांगता येते.

खाडीत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. ओहोटीला पक्षी चिखलावर चरतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना हळूहळू किनाऱ्याकडे लोटते, आणि मोठ्या भरतीला चिखलपट्टी बुडाली की ते उठून आतल्या पाणथळींवर विसाव्याला येतात : सीवूड्सचे डीपीएस तळे, एनआरआय संकुलामागची आणि टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ, पलीकडच्या काठावर भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूची तळी. पाणी उतरू लागले की परत खाडीत. म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत दोन्ही भरत्यांच्या आगेमागे थवे ठरलेल्या वाटेने तुमच्या डोक्यावरून जातात आणि त्याच वाटेने परततात. त्या वाटेच्या कडेला उभे राहिले की रांगेतला, मान-पाय ताणलेला, शांत थवा मिळतो.

वेळ काढायला कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे पूर्ण भरती आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. यात अर्ध्या-पाऊण तासाचा, कधी त्याहून थोडा जास्तही फरक पडतो. शिवाय छापील तक्त्यातल्या वेळा मुंबई बंदराच्या असतात आणि पाणी खाडीच्या वरच्या अंगाला पोहोचायला आणखी काही वेळ घेते. ऐरोलीत किती, ठाण्यात किती, हे दोन-तीन वेळा घड्याळ लावून पाहिले की कायमचे कळते.

भरतीची वेळ आणि उंची दोन्ही पाहावी लागतात, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. अष्टमी-नवमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी फारसे चढत नाही, फारसे उतरतही नाही. चिखलाचा काही भाग उघडाच राहतो, म्हणून पक्षी तळ्यांवर येत नाहीत. मग काठावर ताटकळलेला माणूस ‘आज पक्षीच नाहीत’ म्हणून चिखलात उतरतो किंवा दगड मारून पाहतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात उलटे होते. पहाटे पाणी इतके लांब गेलेले असते की पक्षी गुलाबी ठिपक्यांसारखे दिसतात, आणि ते जवळ येईपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असतो. सकाळच्या छायाचित्रणाला आमच्या मते द्वादशी आणि त्रयोदशी सर्वांत चांगल्या. भरती नऊ-दहाच्या सुमारास असते, पाण्याला जोर आलेला असतो आणि सात ते साडेआठ या कोवळ्या उन्हात पाणीच पक्ष्यांना तुमच्याकडे आणते. संध्याकाळसाठी पंचमी-षष्ठी पाहावी : भरती चारच्या आसपास, आणि परतणारे पक्षी उतरत्या उन्हात.

काठ कोणता, हेही महत्त्वाचे. ऐरोली, वाशी, नेरुळ हा खाडीचा पूर्व काठ. इथून आपण पश्चिमेकडे पाहतो, म्हणून सकाळचा सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांचा रंग पुरता दिसतो. संध्याकाळी याच जागेवरून फक्त काळ्या आकृत्या मिळतात. भांडुप, विक्रोळी, शिवडी हा पश्चिम काठ. तिथे सगळे उलटे. सकाळी सूर्यासमोर उभे राहून ‘रंग येत नाही’ म्हणत पक्ष्यांना वळसा घालायला चिखलात उतरणारे लोक दिसतात. त्यांनी फक्त काठ बदलायला हवा होता.

जागा ठरली की पक्षी येण्याच्या किमान तासभर आधी बसून घ्यावे. काठावर आधीपासून बसलेल्या माणसाकडे पाणी सरकते तसे पक्षीही सरकतात. तोच माणूस नंतर चालत आला तर उडतात. अमुक मीटरपेक्षा जवळ जाऊ नये असा सरसकट आकडा सांगता येत नाही. जागा, मोसम, थव्याचा आकार यांनुसार तो बदलतो. खूण पक्ष्याच्या मानेत असते. चरणाऱ्या थव्यात डोकी खाली असतात. काठाजवळच्या दोन-चार पक्ष्यांनी मान उंचावली, की जिथे आहात तिथेच थांबायचे. अख्ख्या कडेच्या माना वर झाल्या आणि थवा एका दिशेला चालू लागला, की तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. अशा वेळी न वळता, सावकाश मागे व्हायचे. याच्या पुढची पायरी उडण्याची असते.

अंतराचा थोडा हिशेब केला तर जवळ जाण्याची घाई आपोआप कमी होते. फुल-फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेल्या) कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटरची लेन्स ५० मीटरवर तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच चौकट दाखवते. लहान रोहित तिच्या उंचीचा जवळजवळ निम्मा भाग भरतो. १०० मीटरवर तो चौकटीच्या पाचव्या हिश्श्याएवढा होतो, आणि थव्याच्या चित्राला तेवढे पुरे. याच लेन्सने ५० मीटरवर छिद्र एफ ८ ठेवले (आकडा मोठा तितके छिद्र लहान) तर स्पष्टतेची खोली सव्वातीन मीटरच्या आसपास मिळते. म्हणजे एकामागे एक उभे तीन-चार पक्षी डोळ्यांपर्यंत स्पष्ट येतात. एफ ५.६ वर ती दोन-सव्वादोन मीटरवर येते आणि मागचे पक्षी मऊ, म्हणजे धूसर पडतात.

गुलाबी रंग हा कॅमेऱ्याचा कच्चा दुवा आहे. चिखल गडद असतो, त्यामुळे कॅमेरा सगळे चित्र उजळ करतो आणि पंखांतला लाल रंग फुटतो. एकूण हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण त्यातली लाल रंगाची वाहिनी उजव्या भिंतीला टेकलेली असते, म्हणजे लालातले बारकावे गेलेले असतात. ती वेगळी पाहावी आणि चिखलावरच्या पक्ष्यांसाठी एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली घ्यावे. उजळ आभाळावर उडणाऱ्या पक्ष्यांना तेवढेच वर. चित्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात ठेवावे. नंतर संगणकावर रंग गडद करण्याचा मोह फार होतो, पण लहान पिल्ले करडी-तपकिरी असतात आणि अंगात रंग भरायला त्यांना काही वर्षे लागतात. सगळा थवा सारखाच गुलाबी दिसत असेल तर तो रंग शेवाळातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामधून आलेला नाही. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद, चरणाऱ्याला १/८०० ते १/१०००, आणि बोटीतून काहीही टिपायचे असेल तर १/१६०० च्या खाली जाऊ नये. बोटीच्या काठावर लेन्स टेकवू नये, इंजिनाची थरथर थेट चित्रात उतरते. हात हवेत किंवा मांडीवर.

‘लेन्स खराब आहे, चित्र मऊ येते’ ही तक्रार मार्चनंतर हटकून ऐकू येते. बहुधा लेन्सचा दोष नसतो. नऊनंतर चिखल तापतो, त्यावरची हवा लहरू लागते आणि १०० मीटरपलीकडचे काहीच स्पष्ट येत नाही. यावर उपाय एकच, लवकर येणे. गाडीतून टिपताना थंड केलेली हवा खिडकीतून बाहेरच्या गरम हवेत मिसळते, तिच्यानेही हेच होते. दहा मिनिटे आधी एसी बंद करून काचा उघडाव्यात. थंड गाडीतून काढलेली लेन्स दमट हवेत धुरकटते, तेव्हा बॅग बंदच ठेवून वीस-तीस मिनिटे बाहेर राहू द्यावी. घरी आल्यावर सुक्या फडक्याने पुसू नये. खारे कण काचेवर आणि रंगावर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरचा भाग टिपून घ्यावा, मग कोरड्याने.

खाडीवर फ्लेमिंगोच टिपावा असेही नाही. ओहोटीला काठाच्या चिखलात निवटी पाहावी. डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत ती चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खाते आणि मागे नागमोडी रेघ सोडत जाते. मध्येच कुशीवर लोळून अंग ओले करते, कारण ओल्या कातडीतूनही तिचा श्वास चालतो. डोळे सुकले की ते खोबणीत ओढून ओलावते. बाहेरून पाहणाऱ्याला तिने डोळे मिचकावले असे वाटते. नर पाठीवरचा पर ताठ उभारून उसळी मारतो, तो क्षण जेमतेम डोळ्यांत मावतो. हे सगळे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या कांदळवनाच्या पायवाटेवरून दिसते, खाली उतरावे लागत नाही. अडचण एकच येते : सावली पडली की निवटी बिळात जाते. मग दहा-पंधरा मिनिटे हलायचे नाही. आधी बिळाच्या तोंडाशी दोन डोळे दिसतात, त्यानंतरही दोन-तीन मिनिटे थांबावे. चिखलात उतरून जवळ जाणाऱ्याला ना निवटी मिळते ना खेकडा, आणि पायाखाली तिवरांची पेन्सिलीसारखी श्वसनमुळे मोडतात. खाडीचा चिखल मांडीपर्यंत ओढतो, हा धोका वेगळाच.

दोन गोष्टी मात्र मुळीच टिपू नयेत, आणि टिपल्या तरी छापू नयेत. एक, टिटवी आणि शेकाट्यांची घरटी. एप्रिल-मेच्या उन्हात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, ती त्यांना थंड ठेवण्यासाठी. छायाचित्रकार वीस मिनिटे तिथे रेंगाळला तर तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात तापतात. दुसरी गोष्ट, शेव-गाठ्या टाकून बोलावलेल्या कुरवांची झुंबड. मीठ, तेल आणि बेसन हे त्यांचे खाणे नव्हे, आणि ज्या चित्रात पक्षी फरसाणाकडे झेपावतो त्यात निसर्ग कुठे आला?

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ६ ऑगस्ट २०१५ रोजी जाहीर झाले. त्याचे क्षेत्र १६९० हेक्टर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वन्यजीव अधिनियमाच्या कलम २८ प्रमाणे परवानगीची तरतूद आहे. ड्रोन तर विनापरवानगी उडवूच नये, कारण डोक्यावर घोंघावणारी वस्तू म्हणजे पक्ष्यांच्या लेखी शिकारी. पण पक्षी भरतीला ज्या तळ्यांवर येतात त्यांतली बरीच अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तिथे पहारा नसतो. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्याकडे येणाऱ्या भरतीच्या पाण्याची वाट तुंबली, तेव्हा पक्ष्यांचे किती हाल झाले ते सर्वांनी पाहिले. तळे गेले की भरतीचे चार तास उभे राहायला जागा उरत नाही. म्हणून या तळ्यांवर हुसकावणे हे चिखलपट्टीवर हुसकावण्यापेक्षा वाईट. तिथून उठलेल्या पक्ष्याला भरती असेपर्यंत उतरायला दुसरी जागा शोधत हिंडावे लागते.

आपल्याकडे आमच्या काही मागण्या आहेत. फ्लेमिंगोंचे छायाचित्र निवडताना वरच्या खुणा पाहाव्यात आणि उडवलेल्या थव्याचे चित्र, कितीही नेत्रदीपक असले, तरी बाजूला ठेवावे. चांगल्या चित्राखाली ठिकाण, वेळ आणि ‘भरतीआधी एक तास’ अशी पाण्याची अवस्था छापावी. ती ओळ वाचून दुसऱ्या दिवशी शंभर जण योग्य वेळी, योग्य काठावर जातील. हे पक्षी सैबेरियातून येतात ही चूक दर वर्षी होते, तीही थांबावी. ते मुख्यतः गुजरातेतून येतात आणि कच्छचे रण हे त्यांचे भारतातले मुख्य वीणस्थान आहे. भरतीच्या वेळा बहुधा पावसाळ्यातच, पाणी तुंबण्याच्या इशाऱ्यापुरत्या ठळक छापल्या जातात. नोव्हेंबर ते मे या काळात दर शनिवारी पुढच्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा, मीटरमधल्या उंचीसह, सूर्योदय-सूर्यास्ताशेजारी द्याव्यात. सात ओळींची जागा लागेल.

आपले नम्र,
ठाणे खाडीवरील काही पक्षीनिरीक्षक आणि छायाचित्रकार
ऐरोली, नवी मुंबई